भोगवर्धनाहून भूमध्य समुद्राकडे
— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

‘पांढरी’ म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला सांगायला नको. गावाशेजारी, बहुधा नदीच्या काठाला, राखेच्या रंगाचे एक टेकाड असते. माळवद गळू लागले की उन्हाळ्यात तिथली माती आणून वर अंथरायची आणि धुमसून घट्ट करायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लहानपणी त्या मातीत आम्हा मुलांना खापऱ्या मिळत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळत आणि एखादे वेळी मणीही मिळे. मला मिळालेला एक तांबडा मणी मी बरेच दिवस दोऱ्यात ओवून गळ्यात घातला होता. पुढे तो खेळताना कुठे पडला, ते आठवत नाही.

पांढरी म्हणजे जुने गाव. एका घराच्या पडक्या भिंतीवर दुसरे घर, असे शेकडो वर्षे साचत गेलेले, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. आणि आमच्या तालुक्याच्या गावी, भोकरदनला, अशाच मातीत मिळालेल्या एका वस्तूचे नाते थेट इटलीतील नेपल्स या बंदराशी जोडले जाते, हेही कळले. तेव्हा त्या हरवलेल्या मण्याची पहिल्यांदा हळहळ वाटली.

प्रस्तुत लेखात त्या वस्तूची ओळख करून द्यायची आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचा माल भूमध्य समुद्रावरील बंदरांत कसा पोचत असे आणि त्या प्रवासात हिवाळा या ऋतूला एवढे महत्त्व का होते, हेही पाहायचे आहे.

भोगवर्धन

भोकरदन हे केळना नदीच्या काठी वसलेले आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. मध्य भारतातील सांची आणि भरहूत येथील स्तूपांना ज्यांनी दाने दिली, त्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली आहेत. त्या नावांत भोगवर्धनाचे रहिवासीही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे इतक्या दूर जात होती आणि दान देण्याइतकी सुस्थितीत होती. पैठण ही सातवाहनांची राजधानी. पैठणहून अजिंठ्याचा डोंगर उतरून उज्जैनकडे जाणारा जो मोठा व्यापारी मार्ग होता, त्याच्या वाटेवर भोगवर्धन येत असे.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि त्या वेळचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहन काळातील नाणी, मणी, भांडी, भाजक्या मातीच्या वस्तू अशा पुष्कळ गोष्टी त्यात मिळाल्या. त्यांतच हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुटका भाग होता. पाहायला लहानसा, पण अभ्यासकांना तो पाहताच दुसऱ्या एका मूर्तीची आठवण झाली. ती दुसरी मूर्ती त्यापूर्वी ३५ वर्षे, समुद्रापलीकडे सापडली होती.

पाँपेईची मूर्ती

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर नेपल्सच्या उपसागराजवळ पाँपेई नावाचे गाव होते. इ. स. ७९ मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सगळे गाव राख व दगडांखाली गाडले गेले. हा स्फोट २४ ऑगस्टला झाला असे पूर्वी मानीत. पण २०१८ साली तेथील एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद उजेडात आली. तेव्हापासून तो ऑक्टोबरात, हिवाळ्याच्या तोंडावर झाला असावा, असे मत बळावले आहे. राखेने माणसे मारली आणि वस्तू राखल्या. गेली पावणेतीनशे वर्षे तिथे खोदकाम चालू आहे.

१९३८ साली आमेदेओ मायुरी या इटालियन संशोधकाला तेथील एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती मिळाली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. मधे उभी स्त्री आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही. पण दागिने मात्र गळाभर, कंबरभर, हातभर. पायांत जाडजूड वाळे, पाठीवर लांब वेणी. पुस्तकातले तिचे चित्र मी घरी आईला दाखवले. आईने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “ही तर आपल्या तांड्यावरच्या बायांसारखीच की गं! हातभर बांगड्या.” रोमन लोकांनी घडवलेली मूर्ती ही नव्हे, हे ओळखायला आईला पुस्तक लागले नाही.

इटालियन विद्वानांनाही ती भारतीय आहे हे लगेच समजले. त्यांनी तिला लक्ष्मी म्हटले. ज्या घरात ती मिळाली, त्या घराला आता ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणतात. मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. त्यावरून ती नुसती शोभेची मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाया असावी, असा तर्क केला जातो.

आता प्रश्न असा, की ती तिथवर गेली कशी? नेमकी कोणत्या वाटेने गेली, हे तिने सांगितलेले नाही. पण त्या काळी आपल्याकडचा माल कोणत्या वाटेने जात असे, हे मात्र ग्रीक-रोमन लेखकांनी लिहून ठेवले आहे.

दोन समुद्र, दोन हंगाम

‘पेरिप्लस’ नावाचे एक ग्रीक पुस्तक आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात, इजिप्तमधून भारताकडे येणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने ते लिहिले. त्यात बॅरिगाझा म्हणजे आपले भडोच बंदर, पैठण आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नावे येतात. भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेला तेर १० दिवसांच्या वाटेवर आहे, असे तो सांगतो. पैठणहून रंगीत दगड आणि तेरहून साधे व तलम कापड, बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला येई, असेही तो लिहितो. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे.

हा माल कोणत्या महिन्यात निघत असेल, याचा अंदाज आपल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचताही करता येईल. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडीचे चाक आरीपर्यंत रुतते. रस्ता मोकळा होतो तो दसऱ्यानंतर. सीमोल्लंघनाचा सण आपल्याकडे त्याच वेळी येतो, हा काही योगायोग नव्हे. तेव्हा गाड्या आश्विन-कार्तिकात निघाल्या असतील, तर मार्गशीर्षापर्यंत त्या सहज भडोचला पोचत असतील.

आणि समुद्राची वेळही तीच होती. हिवाळ्यात आशिया खंडाची जमीन थंड होते, तिच्यावरील हवा जड होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे, ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहू लागतो. शिडाच्या जहाजाला अरबस्तानाकडे जायला हा वारा पाठीवरचा. पावसाळ्यात सगळे उलटे होते. वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि आपल्याकडे पाऊस आणतो. इजिप्तमधून जुलैमध्ये निघालेली जहाजे त्याच वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. ज्या ढगांची आपला कुणबी वाट पाहतो, त्याच ढगांबरोबर परदेशचा व्यापारीही येत असे. परत जाणारी जहाजे भारताचा किनारा डिसेंबरात, फार तर १३ जानेवारीच्या आत सोडीत, असे प्लिनी या रोमन लेखकाने नमूद केले आहे.

पुढचा टप्पा तांबड्या समुद्राचा. त्याच्या काठी बेरेनिके हे बंदर होते. तिथून कॉप्टोस गावापर्यंत वाळवंटातून उंटांची वाट. दिवसा ऊन फार, म्हणून चाल बहुधा रात्रीची, आणि एकूण १२ दिवसांची. कॉप्टोसहून नाईल नदीतून होडीने खाली अलेक्झांड्रियाला. हे नुसते पुस्तकातले वर्णन राहिलेले नाही. बेरेनिकेच्या उत्खननात एका देवळात भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलो काळे मिरे मिळाले. तिथे सागाचे लाकूड मिळाले, बुद्धाची मूर्ती मिळाली, आणि दुसऱ्या शतकातील सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. ज्या राजांची नाणी भोकरदनच्या पांढरीत निघतात, त्यांचीच नाणी आफ्रिकेच्या वाळवंटाकाठी निघाली!

बंदरातला हिवाळा

माल अलेक्झांड्रियाच्या वाटेवर असे, तेव्हा तिथे हिवाळा चालू असे. पण तो आपल्यासारखा हिवाळा नव्हे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे निरभ्र आकाश, हुरडा आणि कोरडी थंडी. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. कारण त्या दिवसांत अटलांटिक महासागरावरचे पश्चिमी वारे आणि वादळे खाली दक्षिणेकडे सरकतात. अलेक्झांड्रियाला थंडी बेताची असते आणि पाऊसही आपल्या जालन्याच्या मानाने थोडाच, पण तो थोडका पाऊस हिवाळ्यातच पडतो. पलीकडे नेपल्सला मात्र हिवाळ्यात चांगलाच पाऊस लागतो आणि व्हेसुव्हियसच्या माथ्यावर कधी कधी बर्फही दिसते.

त्या काळच्या खलाशाजवळ होकायंत्र नव्हते. दिवसा सूर्य आणि रात्री तारे हीच त्याची वाट दाखवणारी साधने. ती ढगांनी झाकली, वर वादळ सुटले, की समुद्रात जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. वेगेटियस या रोमन लेखकाने ११ नोव्हेंबर ते १० मार्च हे दिवस समुद्र ‘बंद’ असण्याचे म्हणून सांगितले आहेत. अगदीच कोणी जात नसे असे नव्हे. पण शहाणा माणूस जहाज बंदरात बांधून ठेवी. बायबलच्या नव्या करारात संत पौलाच्या प्रवासाची हकीकत आहे. हंगाम उलटून गेल्यावर निघालेले त्याचे जहाज वादळात सापडून माल्टा बेटाजवळ फुटले. तीन महिने त्या बेटावर काढल्यावर, तिथेच हिवाळ्यासाठी थांबलेल्या अलेक्झांड्रियाच्या दुसऱ्या एका जहाजातून तो पुढे इटलीला गेला.

म्हणजे गंमत पाहा. भूमध्य समुद्र बंद असे, त्याच महिन्यांत आपला अरबी समुद्र परतीच्या प्रवासाला खुला असे. डिसेंबरात भडोच सोडलेला माल वाळवंट आणि नदी ओलांडून अलेक्झांड्रियाला पोचेपर्यंत मार्च उजाडे, आणि तेवढ्यात पुढचा समुद्रही उघडे. हे दोन हंगाम एकमेकांत अडकवलेल्या साखळीच्या कड्यांसारखे होते. एक कडी निसटली, गाडी वाटेत अडली किंवा जहाजाला उशीर झाला, की माल वर्षभर पडून राहण्याची भीती. आजच्या भाषेत सांगायचे तर एक एस. टी. चुकली की पुढची दुसऱ्या वर्षी!

अलेक्झांड्रिया तेव्हा भूमध्य समुद्रावरील फार मोठे बंदर होते. समोरच्या फॅरोस बेटावर प्रसिद्ध दीपस्तंभ, मागे नाईलकडून येणारे कालवे. तिथे पहिल्या शतकाच्या सुमारास डिओ क्रिसोस्टम या वक्त्याने शहरवासीयांपुढे भाषण केले. त्यात समोर बसलेल्या परदेशी लोकांचा उल्लेख करताना त्याने थोड्या भारतीयांचेही नाव घेतले आहे. ते कोठले, कोणत्या गावचे, हे त्याने सांगितलेले नाही. ते आपल्याच मुलखाचे होते असे म्हणायला आधार नाही. पण आपल्या मुलखाचा माल ज्या वाटेने जाई, त्याच वाटेने आलेली ती माणसे होती एवढे नक्की. परतीच्या वाऱ्यासाठी त्यांनाही जुलैपर्यंत थांबावे लागत असणार. हिवाळ्यातला पाऊस पाहून त्यांना काय वाटले असेल? तिकडची माणसेही इकडे येऊन राहत होतीच. कार्ल्याच्या लेण्यातील काही खांब यवनांनी दान दिलेले आहेत, हे त्या खांबांवरच लिहिलेले आहे.

पुतेओलीचा धक्का

अलेक्झांड्रियाहून इटलीला जाणारा माल नेपल्सच्या उपसागरातील पुतेओली बंदरात उतरे. आज या गावाला पोत्सुओली म्हणतात. हंगामातली पहिली जहाजे दिसू लागली की लोक धक्क्यावर कशी गर्दी करीत, याचे वर्णन सेनेका या तत्त्वचिंतकाने एका पत्रात केले आहे. शिडाच्या वरच्या लहान पडद्यावरून लोक अलेक्झांड्रियाची जहाजे लांबूनच ओळखीत, कारण किनाऱ्याजवळ तो पडदा उभारून ठेवण्याची मुभा फक्त त्यांनाच होती. या बंदरापासून पाँपेई जवळच आहे. आपली हस्तिदंती बाईही अशाच एखाद्या जहाजातून उतरली असेल, असे मानायला हरकत नाही.

अर्थात ती स्वस्त नव्हती. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमन सरकार चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के जकात घेई. दरवर्षी निदान ५ कोटी सेस्टर्स एवढे रोमन नाणे भारत ओढून नेतो आणि भारतातला माल इकडे मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. या शंभरपटीतला किती हिस्सा भोगवर्धनाच्या कारागिराच्या हाती पडला असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरातल्या वाचकाला तो अधिक समजावून सांगायला नको.

आणि हा प्लिनी कोण? पाँपेईजवळच मिसेनम येथे रोमन आरमाराचा तो प्रमुख होता. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा लोकांना वाचवण्यासाठी तो जहाजे घेऊन निघाला आणि त्याच आपत्तीत किनाऱ्यावर मरण पावला. भारताहून जहाजे केव्हा निघतात हे ज्याने लिहून ठेवले, तो माणूस आणि भारताहून गेलेली ती मूर्ती, दोघांवरही एकाच ज्वालामुखीची राख पडली.

मूर्ती नेमकी कोणाची?

इथपर्यंत वाचून ‘पाँपेईची मूर्ती भोकरदनची’ असे ठोकून सांगण्याचा मोह होतो. मलाही झाला. पण तसे सांगणे बरोबर नाही.

भोकरदनच्या बाजूने पुरावा असा : तशाच घडणीची तुटकी मूर्ती भोकरदनला मिळाली, तशीच आणखी एक हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आणि ती तेथील लामतुरे संग्रहालयात आहे. या साम्यावरून डॉ. म. के. ढवळीकर यांनी पाँपेईची मूर्ती भोकरदन भागात घडली असावी, असे मत मांडले. विरुद्ध बाजूचा पुरावा असा : पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर कोरलेले आहे, आणि ही लिपी मुख्यतः वायव्य भारतात, गांधार देशात चालत असे. अफगाणिस्तानात बेग्राम येथेही हस्तिदंतावरील सुंदर भारतीय कोरीवकाम मिळालेले आहे. मथुरेचेही नाव पूर्वी घेतले जाई. शिवाय सांचीच्या दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख तिथे आहे. म्हणजे ही कला एकाच गावची नव्हती. ती लक्ष्मी आहे, यक्षी आहे की नुसती शृंगार करणारी स्त्री, यावरही एकमत नाही.

तेव्हा खरे उत्तर ‘असावी’ एवढेच आहे. सुरुवातीला मला या ‘असावी’चा राग आला होता. आपल्या गावाला एवढा मोठा मान मिळत असताना हे विद्वान हात का आखडता घेतात, असे वाटले. पण मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ‘असावी’चे ‘आहे’ किंवा ‘नाही’ करू शकणारा पुरावा कुठे असेल, तर तो नेपल्सच्या संग्रहालयात नाही. तो इथे आहे, पांढरीत. अर्धवट कोरलेला एखादा हस्तिदंताचा तुकडा, कारागिराची छिन्नी, खरोष्ठी अक्षर असलेली एखादी खापरी. यांतले काहीही मातीत असू शकेल. आणि तीच माती आपण माळवदावर टाकतो, वीटभट्टीला नेतो, शेतात पसरतो. पाँपेईवर राख पडली म्हणून तिथली मूर्ती वाचली. आपल्याकडे राखेच्या रंगाचे टेकाड आपल्याच हातांनी कमी होत आहे.

यात कोणाला दोष द्यावा असा हेतू नाही. आमचेही घर त्याच मातीने झाकलेले आहे, आणि पावसाळ्यात त्या मातीने आम्हाला कोरडे ठेवले आहे. परंतु निदान एवढे करता येईल : नांगरताना किंवा माती काढताना नाणे, मणी, मूर्ती, लेख असे काही निघाले, तर ते कोणत्या ठिकाणी, किती खोल मिळाले हे लिहून ठेवावे, घासूनपुसून लख्ख करू नये, सराफाकडे नेऊ नये, आणि शिक्षकांना किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा वस्तूंची खबर देणे १८७८ सालच्या कायद्याने बंधनकारकही आहे. वस्तू जागेवरून हलली की ती नुसती वस्तू उरते. तिची हकीकत जागेपाशी राहते.

गेल्या पौषात मी पुन्हा आमच्या पांढरीवर गेले होते. शेजारच्या रानात ज्वारी हुरड्यावर आली होती. आकाश स्वच्छ होते आणि वारा ईशान्येचा, अंगाला झोंबणारा. दोन हजार वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच वाऱ्यावर भडोचची जहाजे निघत असतील, हे तोपर्यंत फक्त वाचले होते. त्या दिवशी ते गालाला लागले. माझा तांबडा मणी त्याच मातीत कुठेतरी परत गेला असेल. सापडला, तर या वेळी तो कुठे सापडला हे मी आधी वहीत लिहून ठेवीन.